यंत्रं जुनीच, याद्या नव्या: अमेरिकेच्या यादवी युद्धानं (१८६१–६५) नेमकं काय घडवलं?

टाकबोरू (धागाकर्ता)

या युद्धाचा विषय निघाला की दोन मिनिटांत गॅटलिंग गन, पाणबुडी आणि चिलखती जहाजं येतात. गॅटलिंगचं पेटंट १८६२चं, पण त्या युद्धात ती नावापुरतीच वापरली गेली. हन्ली पाणबुडीनं १७ फेब्रुवारी १८६४ला उत्तरेचं 'हूसटॉनिक' जहाज बुडवलं खरं, पण त्याआधी ती दोनदा आपल्याच माणसांना घेऊन बुडाली होती आणि तिसऱ्यांदा सावजाबरोबर स्वतःही तळाला गेली. आठ माणसं, त्यातली सात हातानं दांडा फिरवणारी, आणि पुढं लांब बांबूला लावल्यासारखा १३५ पौंड काळ्या दारूचा डबा. शौर्य मोठं, पण युद्धावर परिणाम शून्य.

मला वाटतं या युद्धात यंत्रं बहुतेक आधीचीच होती. मिनिए गोळी १८४९ची, क्लोरोफॉर्म १८४७चा, मॉर्सची तार १८४४ची. नवीन होती ती त्यांच्याभोवतीची कागदी शिस्त: कोणाचा हुकूम, किती माणसं, कुठला डबा कुठल्या गाडीत, कोणाचं नाव कुठल्या रकान्यात. औषधं, व्यापार आणि शेवटचा समेट, तिन्हीकडं हेच दिसतं.

एक नमुना देतो. उत्तरेची, म्हणजे संघराज्याच्या बाजूची, तारखात्याची सांकेतिक लिपी अँसन स्टेगरनं बसवली. यात अक्षरं बदलत नाहीत, शब्दांच्या जागा बदलतात. समजा निरोप असा, तीन ओळी आणि चार रकाने:

उद्या | पहाटे | पूल | ओलांडा
दारूगोळा | मागून | येईल | घोडदळ
डावीकडे | ठेवा | तळ | नको

आता दुसरा रकाना खालून वर वाचा, चौथा वरून खाली, पहिला खालून वर, तिसरा वरून खाली. तारेवर जातं ते असं: "ठेवा मागून पहाटे ओलांडा घोडदळ नको डावीकडे दारूगोळा उद्या पूल येईल तळ." प्रत्येक रकान्याच्या टोकाला एखादा निरर्थक शब्द, माणसांच्या आणि गावांच्या नावांना आधीच ठरलेले टोपणशब्द, आणि किती ओळी, कुठला मार्ग हे सांगणारा एक शब्द सुरुवातीला. एवढंच. दक्षिणेला, म्हणजे फुटून निघालेल्या राज्यांना, ही लिपी फोडता आली नाही.

दक्षिणेनं कागदावर जास्त हुशार असलेली विजनेर पद्धत घेतली. तिच्यात प्रत्येक अक्षर किल्लीशब्दानुसार बदलतं. तारेवर एक अक्षर गळलं की पुढचं सगळं एक घर सरकतं आणि निरोपाची खिचडी होते. शिवाय शब्दांमधली मोकळी जागा पुष्कळदा तशीच ठेवली जाई आणि किल्ल्या मोजक्याच फिरत्या ठेवलेल्या, त्यामुळं उत्तरेच्या पोरसवदा तारबाबूंना तोडीची जागा आयती सापडे. स्टेगरच्या पद्धतीत पूर्ण शब्द जात असल्यानं तारबाबूची बोटं चुकली तरी शब्द ओळखू येई. तारबाबूच्या हाताला सोयीची म्हणून साधी पद्धत जिंकली.

शंकासुर

छान. पण "यंत्रं जुनीच" हे जरा ताणलंय. मिनिए गोळीमुळं पल्ला तिप्पट झाला आणि सेनापती जुन्याच पद्धतीनं रांगा लावत राहिले म्हणून एवढी माणसं मेली, असं सगळीकडं लिहिलेलं असतं. मग यंत्रानंच फरक पाडला ना?

लोहारकाम

शंकासुर, ते सगळीकडं लिहिलेलं असतं आणि अर्धंच खरं आहे.

आधी गोळी. आटे (आतल्या मळसूत्री खाचा) असलेल्या नळीत पूर्वी गोळी ठोकून बसवावी लागे, म्हणून वेळ लागायचा. मिनिए गोळी नळीपेक्षा किंचित लहान, शंकूच्या आकाराची, मऊ शिशाची आणि बुडाशी पोकळ. वरून टाकली की घसरत खाली जाते. दारू पेटली की पोकळ बूड फुगतं आणि आट्यांत घट्ट बसतं. फ्रेंच नमुन्यात बुडात लोखंडी टोपी असे. हार्पर्स फेरीच्या कारखान्यात जेम्स बर्टननं ती काढून टाकली, त्यामुळं गोळी स्वस्त झाली आणि साच्यातून भराभर पडू लागली. स्प्रिंगफील्ड १८६१ बंदुकीची नळी ०.५८ इंच, गोळी सुमारे ५०० ग्रेन म्हणजे ३२ ग्रॅम, दारू ६० ग्रेन.

भरायची रीत: कागदी काडतूस दातानं फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी तोंडाशी बसवायची, गज काढून ती खाली दाबायची, गज परत जागेवर, घोडा अर्धा उचलायचा, स्तनिकेवर (ठिणगी नळीत नेणाऱ्या पोकळ बोंडावर) ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची, घोडा पूर्ण उचलायचा, नेम, चाप. कवायतीच्या पुस्तकात याचे नऊ टप्पे. तयार माणूस मिनिटाला तीन बार काढतो.

आता बिघाड. काळ्या दारूची काजळी पंधरा-वीस बारांनंतर नळीत इतकी साठते की गज रेटावा लागतो. टोपी नीट बसली नाही किंवा स्तनिकेचं भोक बुजलं तर बार उडतच नाही. आजूबाजूला हजार बंदुका वाजत असताना आपली वाजली नाही हे कळत नाही, आणि माणूस त्याच्यावरच दुसरं काडतूस भरतो. गेटिसबर्गच्या लढाईनंतर (जुलै १८६३) मैदानातून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या. त्यातल्या निम्म्यांत दोन-दोन बार, पाव हिश्श्यात तीन ते दहा, आणि एकीत तर तेवीस.

पल्ल्याचं म्हणाल तर गोळी जड आणि संथ, म्हणून तिची वाट कमानीसारखी. ३०० यार्डांवर नेम धरला तर मधल्या बऱ्याच पट्ट्यात ती उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाते. अंतर अचूक ओळखता आलं तरच लांबच्या नेमाचा उपयोग. ते शिकवायला ना वेळ होता ना गोळ्या. बहुतेक शिपायांनी लढाईआधी निशाणावर जेमतेम काही बार काढलेले. त्यात धूर आणि झाडी. म्हणून बहुतेक मारामारी शंभर यार्डांच्या आसपासच झाली. यंत्र आलं, पण त्याची तालीम आली नाही. टाकबोरूंचाच मुद्दा उलट्या बाजूनं.

आता उत्तरेचं चिलखती जहाज 'मॉनिटर' आणि दक्षिणेच्या 'व्हर्जिनिया'शी त्याची झुंज. ९ मार्च १८६२, हॅम्प्टन रोड्स. जहाजाचा रचनाकार एरिक्सन याचा फिरता बुरूज आतून २० फूट व्यासाचा, एक-एक इंची पत्र्यांचे आठ थर, आत ११ इंची दोन डालग्रेन तोफा. हे सगळ्यांना माहीत असतं. आतली अवस्था फारशी कोणी सांगत नाही. बुरूज फिरवणाऱ्या वाफेच्या यंत्राचा दांडा गंजलेला, त्यामुळं बुरूज फिरायला लागला की पाहिजे त्या जागी थांबेना. शेवटी चालत्या बुरुजातूनच तोफा डागल्या. कप्तान पुढच्या सुकाणूघरात, तोफा मागं बुरुजात, आणि मधली बोलनळी सुरुवातीलाच निकामी. मग निरोप पोचवायला खजिनदार आणि एक कारकून डेकखालून पळत होते. त्यात तोफांना १५ पौंडांपेक्षा जास्त दारू घालायची नाही असा वरचा हुकूम, कारण आधी एक तोफ फुटून माणसं मेली होती. 'व्हर्जिनिया'चं चिलखत दोन-दोन इंचाच्या दोन थरांचं, म्हणजे चार इंच. १५ पौंडी बारानं ते तडकलं, भेदलं नाही. पुढं ३० पौंडांची परवानगी मिळाली.

बुडण्याची गोष्ट तर सुताराला कळेल अशी. बुरूज पितळी कड्यावर स्वतःच्या वजनानं बसून पाणी अडवेल अशी रचना होती. डिसेंबर १८६२त दक्षिणेला ओढत नेताना सावधगिरी म्हणून बुरूज उचलून खाली डांबरी सुताची पेंड ठासली. लाटांनी पेंड धुऊन काढली आणि तिथूनच पाणी शिरलं. ३१ डिसेंबरच्या पहाटे हॅटरस भूशिराजवळ जहाज गेलं, सोळा माणसं घेऊन.

रूळबदल्या

रेल्वेबद्दल थोडं, कारण इथं मोडण्याचंही शास्त्र झालं.

रूळ उखडून टाकला तर शत्रू संध्याकाळी परत बसवतो. जुनी पद्धत: स्लीपर रचून होळी करायची, वर रूळ आडवे टाकायचे, मध्यभाग लाल झाला की टोकं वजनानं वाकतात. दिसायला नुकसान मोठं. पण नुसता वाकलेला रूळ तापवून, ठोकून सरळ होतो. रूळ पिळला, म्हणजे कपडा पिळतात तसा मळसूत्री केला, तर तो पुन्हा लाटल्याशिवाय कामाचा नाही. म्हणून उत्तरेचा सेनापती शर्मन याच्या फौजेला हुकूमच होता की नुसतं वाकवून सोडायचं नाही, पिळायचं. झाडाभोवती गुंडाळलेले ते 'शर्मनचे नेकटाय'. उत्तरेची लष्करी रेल्वे सांभाळणाऱ्या हर्मन हाउप्टच्या खात्यानं यासाठी इंग्रजी यू आकाराचा छोटा लोखंडी आकडा बनवला होता. दोन टोकांना दोन आकडे, त्यात लांब दांडे, आणि उलटसुलट पीळ. दक्षिणेकडं रूळ लाटणाऱ्या गिरण्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही चिलखताच्या पत्र्यात गुंतलेल्या. त्यामुळं पिळलेला रूळ म्हणजे कायमचा गेलेला रूळ. शेवटी कमी महत्त्वाचे फाटे उखडून मुख्य मार्ग चालवत होते.

बांधण्याकडं हाउप्टचाच पोटोमॅक क्रीकचा पूल बघा: मे १८६२, सुमारे ४०० फूट लांब, ८० फुटांहून उंच, जंगलातले न तासलेले ओंडके, अडाणी मजूर, आणि नऊ दिवसांच्या कामात उभा.

समेटाचा एक धागा रुळांतही आहे. दक्षिणेचा रूळमार्ग बहुतांशी ५ फुटी, उत्तरेचा ४ फूट साडेआठ इंची. युद्ध संपून एकवीस वर्षं झाली तरी सरहद्दीवर डबे बदलत होते किंवा डब्यांखालच्या चाकगाड्या. ३१ मे आणि १ जून १८८६ या दोन दिवसांत सुमारे ११,५०० मैल रूळ ४ फूट ९ इंचांवर आणले. मेख अशी: फक्त एकच रूळ तीन इंच आत सरकवायचा. नव्या जागेचे आतल्या बाजूचे खिळे आठवडाभर आधीच ठोकून ठेवलेले. ठरल्या दिवशी जुने आतले खिळे उपटायचे, रूळ नव्या खिळ्यांना टेकेपर्यंत सरकवायचा, बाहेरून खिळे मारायचे. अर्धा इंच फरक राहिला तरी उत्तरेचे डबे त्यावर चालत होते.

नस्तर

वैद्यकाकडं वळते. "दारू पाजून, दातात गोळी धरून पाय कापायचे" ही दंतकथा आधी बाजूला ठेवू. उत्तरेच्या नोंदींत ज्या सुमारे ८,९०० शस्त्रक्रियांमध्ये भुलीचं औषध नेमकं लिहिलं आहे, त्यांतल्या तीन-चतुर्थांशांत क्लोरोफॉर्म, बाकीत ईथर किंवा दोन्हींचं मिश्रण. क्लोरोफॉर्म का? ईथरची वाफ पेट घेते, आणि रात्रीची शस्त्रक्रिया मेणबत्तीवर. शिवाय ईथर भरपूर लागतं, वेळ लागतो, बाटल्या जड. क्लोरोफॉर्म थोडा पुरतो. धोका वेगळा: जास्त झाला की हृदय एकाएकी थांबतं. म्हणून कापडाच्या शंकूत थेंब टाकून तो नाकापासून थोडा दूर धरायचा, हवा मिसळू द्यायची, हातपाय सैल पडले की लगेच काढायचा. गुंगी चढताना रोगी ओरडतो, हात झाडतो. तंबूबाहेरच्यांनी तेच पाहिलं आणि दंतकथा झाली.

दक्षिणेत नाकेबंदीमुळं क्लोरोफॉर्म सोन्याच्या मोलाचा. चिझम नावाच्या शल्यवैद्यानं अडीच इंची चपटी डबी काढली: वर जाळी, आत कापड, पुढं दोन नळ्या थेट नाकपुड्यांत. उघड्या रुमालावर औंसच्या औंस उडून जाई. डबीत एका औंसाचा आठवा भाग पुरे. टंचाईतून आलेली ही चीज उत्तरेकडच्या सुबत्तेत कुणाला सुचली नाही.

हातपाय इतके का कापले? मऊ शिशाची जड गोळी हाडाला लागली की भोक पाडत नाही, हाडाचा चुरा करते आणि कपड्याच्या चिंध्या आत नेते. जंतुनाशक पद्धत लिस्टरनं १८६७ला मांडली, म्हणजे दोन वर्षं उशिरा. पहिल्या ४८ तासांत कापलं तर जगण्याची शक्यता उशिरा कापण्यापेक्षा स्पष्टपणे जास्त होती, हे आकड्यांनी दाखवलं. बोट कापलेले जवळजवळ सगळे जगत. खुब्याच्या सांध्यातून पाय काढलेल्यांतले ८३ टक्के मरत.

इस्पितळातली कोथ म्हणजे हॉस्पिटल गँग्रीन: उत्तरेच्या नोंदीत २,६४२ रोगी आणि सुमारे ४६ टक्के मृत्यू. लुईव्हिलला मिडलटन गोल्डस्मिथनं ब्रोमीन वापरलं. भूल द्यायची, मेलेलं मांस कापून काढायचं, जखम कोरडी करायची, मग कडेच्या खाचाखोचांत ब्रोमीन. त्याच्या मालिकेत मृत्यू तीन टक्क्यांच्या आत आले. कोरडी करणं विसरलं तर औषध पाण्यातच संपतं, हे बऱ्याच ठिकाणी झालं. आणि याच रोग्यांना वेगळ्या तंबूत ठेवून वेगळे स्पंज द्यायची पद्धत पडली. जंतू कोणालाच माहीत नव्हते, पण स्पंज वेगळा हे बरोबरच होतं.

तरी माझ्या मते सगळ्यात मोठा शोध म्हणजे उत्तरेच्या पोटोमॅक सैन्याचा वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन याची गाडी. गाडी नवी नाही, हुकूम नवा: २ ऑगस्ट १८६२. आधी जखमींच्या गाड्या पुरवठा खात्याच्या, हाकणारे भाडोत्री. गोळीबार सुरू झाला की पळायचे आणि जखमींसाठीची व्हिस्की प्यायचे. जखमी उचलायला बँडवाले. हा हुकूम लागू नसलेल्या सैन्यात, त्याच महिन्याच्या शेवटी झालेल्या बुल रनच्या दुसऱ्या लढाईनंतर, माणसं आठवडाभर मैदानात पडून होती. लेटरमननं गाड्या वैद्यकीय खात्याकडं घेतल्या. प्रत्येक गाडीला एक हाकणारा आणि दोन शिपाई, पलटणीला सार्जंट, ब्रिगेडला आणि डिव्हिजनला लेफ्टनंट, वर कॅप्टन. टोपीभोवती दोन इंची हिरवी पट्टी आणि दोन्ही दंडांवर हिरवी खूण. ती नसलेल्या कोणीही जखमीला मागं न्यायचं नाही, कारण एक जखमी पोचवायला चार धडधाकट गायब व्हायचे. स्ट्रेचर उचलण्याची रोज कवायत.

ऑक्टोबरात इस्पितळाची मांडणी: डिव्हिजनच्या सगळ्या डॉक्टरांतून शस्त्रक्रिया फक्त तिघांनी करायची, प्रत्येकाला तीन मदतनीस. हुद्द्यावरून नाही, हातावरून निवड. एक डॉक्टर फक्त अन्न आणि निवारा बघणारा. एक फक्त नोंदी ठेवणारा: नाव, हुद्दा, पलटण, जखम कुठं, काय केलं, मेला तर पुरलेल्या जागी नावाची फळी. मार्च १८६४त काँग्रेसनं कायदा करून हे सगळ्या सैन्याला लागू केलं.

गेटिसबर्गला ४ जुलैच्या सकाळपर्यंत उत्तरेच्या ओळींच्या आतले चौदा हजारांवर जखमी उचललेले होते. मग घोटाळा: लढाईआधी रस्ते मोकळे राहावेत म्हणून तंबू-औषधांच्या गाड्या मैलोन्‌मैल मागं ठेवलेल्या, आणि सैन्य पाठलागावर निघालं तेव्हा सुमारे ६५० पैकी १०६ डॉक्टरच मागं राहिले, दोन्ही बाजूंच्या वीस हजारांहून जास्त जखमींना.

शंकासुर

बरं, यंत्राचा हट्ट सोडतो. पण नस्तरताई, दक्षिणेत क्विनीन नव्हतं तर हिवतापाला काय देत?

खलबत्ता

झाडपाला. दक्षिणेच्या मुख्य शल्यवैद्यांच्या कचेरीनं मिश्रण ठरवून दिलं होतं: डॉगवुडची वाळलेली साल ३० भाग, पॉप्लर ३०, विलो ४०. दोन पौंड मिश्र सालीला एक गॅलन व्हिस्की, चौदा दिवस भिजत. मात्रा एक औंस, दिवसातून तीनदा. विलोतल्या सॅलिसिनमुळं ताप आणि अंगदुखी उतरत असेल, पण हिवतापाच्या परोपजीवीला त्याचं काही नाही. शिपायांची तक्रार फारशी आली नसावी, व्हिस्कीमुळं.

उत्तरेत उलट प्रश्न होता, औषध जास्त होण्याचा. मुख्य शल्यवैद्य हॅमंडनं मे १८६३त कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार पुरवठ्याच्या यादीतून काढला, कारण हगवणीवर तो इतका देत की दात पडत आणि गाल सडत. डॉक्टर खवळले, पुढच्या वर्षी हॅमंड लष्करी न्यायालयात दोषी ठरून बडतर्फ. १८७०च्या दशकात निर्णय उलटला. यादीतून एक नाव खोडण्याची किंमत.

आता सोरा, कारण यात आपलाही हात आहे. काळी दारू म्हणजे ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. चांगला सोरा येई बंगाल-बिहारातून, ब्रिटिशांच्या ताब्यात. १८६१च्या शेवटी उत्तरेतल्या दारू-कारखानदार घराण्याचा लॅमट ड्यू पाँट इंग्लंडात जाऊन उपलब्ध साठा उचलत होता, तेवढ्यात उत्तरेच्या युद्धनौकेनं 'ट्रेंट' या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन राजदूत उतरवून घेतले. ब्रिटननं सोऱ्याची निर्यात थांबवली. राजदूत सुटले, मगच सोरा सुटला. लिंकननं नमतं घेतलं यामागं हेही एक वजन होतं.

सोरा शुद्ध कसा करतात: १०० ग्रॅम पाण्यात सोरा २० अंशांना सुमारे ३२ ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात २४० च्या पुढं. मीठ मात्र ३६ वरून ३९. म्हणून कमीत कमी उकळत्या पाण्यात विरघळवायचं, तळाला राहिलेलं मीठ काढायचं, गाळायचं, आणि ढवळत थंड करायचं. ढवळायचं अशासाठी की मोठे खडे झाले तर त्यांच्या पोटात खारं पाणी अडकतं. मीठ राहिलं की दारू दमट होते.

दक्षिणेला बाहेरून सोरा नाही. गुहांतली माती धुतली, शेणमातीचे वाफे घातले. वाफ्यांना पिकायला दीड वर्ष आणि जास्त, तोवर युद्ध संपत आलं. तरी ऑगस्टाच्या कारखान्यात रेन्सनं सुमारे साडेसत्तावीस लाख पौंड दारू केली. त्याची युक्ती: ओलं मिश्रण तांब्याच्या फिरत्या नळकांड्यात वाफेनं तापवायचं. सोरा विरघळून कोळशाच्या छिद्रांत शिरतो. मग जड चाकांखाली चार तास घोटायचं काम तासाभरात. स्फोटाची भीती असते ती घोटतानाच, म्हणजे उत्पादन वाढलं आणि धोका घटला, एकाच फेरफारात.

पेळू

व्यापार म्हटल्यावर कापसावर लिहायलाच हवं.

ब्रिटनचा सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येई. दक्षिणेला वाटलं, कापूस रोखला की इंग्लंड आपल्या बाजूनं उतरेल. म्हणून १८६१त त्यांनी स्वतःच माल अडवला. पण १८५९-६०ची पिकं भरघोस, लिव्हरपूलची गोदामं भरलेली. म्हणजे नाकेबंदी फुसकी असताना, माल काढता येत असताना विकला नाही. आणि विकायची निकड झाली तेव्हा नाकेबंदी घट्ट झाली होती. भाव एका पौंड वजनाला सहा-सात पेन्सवरून १८६४त २७ च्या पुढं.

पर्याय म्हणजे मुंबईहून जाणारा 'सुरती' कापूस. नाव सुरती, पण खानदेश-वऱ्हाडचाही त्यातच. लँकेशायरचे गिरणी कामगार त्याला शिव्या घालत, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. अमेरिकी तंतू इंचाच्या आसपास, सुरती अर्ध्या-पाऊण इंचाचा. पेळू ताणणाऱ्या रुळांच्या जोड्यांमधलं अंतर तंतूपेक्षा किंचित जास्त हवं. अमेरिकी मापाला लावलेल्या रुळांत आखूड तंतू मधेच तरंगतो, दोन्हीकडं पकड नाही. सूत कुठं जाड कुठं बारीक होतं आणि तुटतं. रूळ जवळ आणायचे, पीळ वाढवायचा, पीळ वाढला की चात्या तेवढ्याच फिरून सूत कमी. ताण्याला खळ जास्त, त्यात चिनी माती. तिची धूळ छातीत. मजुरी उत्पादनावर, म्हणजे तुटण्याचा सगळा भार कामगारावर. १८६२च्या हिवाळ्यात तिथं पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीवर जगत होती.

आपल्या बाजूला भाव चढल्यावर गाठोड्यात वाळू, सरकी, पाणी. त्यावर मुंबईत १८६३चा कापूस-भेसळ कायदा आला, तपासनीस आले. पैसा आला तो जमिनीत आणि शेअरांत गेला: बॅकबे भरणी कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात. एप्रिल १८६५त दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, ती बातमी पोचली आणि भाव कोसळला. वायद्यांची तारीख १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबईतल्या पुष्कळ पेढ्या बसल्या, बँक ऑफ बाँबे १८६८त गुंडाळली. राजाबाई टॉवर त्या तेजीच्या पैशाचा, प्रेमचंद रायचंदांच्या १८६४च्या देणगीचा.

टाकबोरू

पेळू, फारच छान. व्यापाराला एक पुरवणी: शत्रूशीच व्यापार. मेंफिसमध्ये उत्तरेच्या परवान्यावर दक्षिणेचा कापूस विकत घेत आणि बदल्यात मीठ जाई. दक्षिणेत मिठाशिवाय डुकराचं मांस टिकत नव्हतं, म्हणजे मिठाचं पोतं म्हणजे शत्रूचा शिधा. सेनापती बोंबलत राहिले, परवाने निघत राहिले.

समेटावर कोणी लिहील का? बखरकार?

बखरकार

लिहितो. कैद्यांपासून सुरू करू, कारण समेटाची पहिली भाषा तिथं ठरली. जुलै १८६२च्या डिक्स-हिल करारात चक्क विनिमयदर होता: सरसेनापती म्हणजे ६० शिपाई, कर्नल १५, कॅप्टन ६, लेफ्टनंट ४, हवालदार २. दहा दिवसांत सोडायचं. बदली मिळेपर्यंत शस्त्र न धरण्याची शपथ, तिचं नाव पॅरोल. हा दर मोडला तो उत्तरेनं कृष्णवर्णीय शिपाई घेतल्यावर. दक्षिणेनं त्यांना युद्धकैदी मानायला नकार दिला. या दरपत्रकात त्यांचा भावच नव्हता. अदलाबदल थांबली, तुरुंग फुगले. अँडरसनव्हिलच्या सुमारे साडेसव्वीस एकरांच्या कुंपणात एकूण ४५,००० कैदी गेले, जवळपास १३,००० मेले. मधून वाहणाऱ्या एकाच ओढ्याच्या वरच्या अंगाला स्वयंपाकघर आणि पहाऱ्याची छावणी, त्याच पाण्यावर खाली पिणं, आणि खालच्या टोकाला संडास.

उत्तरेच्या सैन्यासाठी केलेला एप्रिल १८६३चा लीबर यांचा लष्करी नियमसंग्रहही याच काळातला. पुढं हेगच्या करारांनी त्यातूनच पुष्कळ उचललं.

अ‍ॅपोमॅटॉक्स, ९ एप्रिल १८६५, जिथं ली शरण आला. उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याच्या अटी एका पानात मावल्या: शस्त्रं जमा, अधिकाऱ्यांची कमरेची हत्यारं आणि स्वतःचे घोडे त्यांच्याकडं, माणसं पॅरोलवर घरी. लीनं सांगितलं की आमच्याकडं साध्या घोडेस्वारांचे घोडेही स्वतःचेच असतात. ग्रँटनं मसुदा बदलला नाही, पण जो घोडा-खेचर आपलं म्हणेल त्याला नेऊ द्या असा हुकूम दिला. पेरणीचे दिवस होते. २५,००० माणसांचा शिधा दिला. कराराची शाईतली प्रत ज्यानं लिहिली तो ईली पार्कर सेनेका या मूळनिवासी जमातीचा.

मग टाकबोरूंच्या आवडीचं: त्या गावातल्या खानावळीत छापखाना लावून रात्रंदिवस पॅरोलच्या चिठ्ठ्या छापल्या. सुमारे २८,००० माणसं. चिठ्ठीवर नाव, पलटण, "घरी जाऊन निर्धास्त राहण्याची परवानगी". हीच चिठ्ठी दाखवून सरकारी रेल्वे-जहाजांत फुकट प्रवास आणि वाटेत शिधा. हरलेल्या सैन्याला डाकू होण्यापासून थोपवलं ते या कागदानं, भाषणांनी नाही.

माफी पायरीपायरीनं: मे १८६५त राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं सरसकट माफी दिली पण चौदा वर्ग वगळले, त्यात २०,००० डॉलरपेक्षा जास्त मालमत्तेचे बंडखोर. त्यांनी व्यक्तिशः अर्ज करायचा. १८६८च्या नाताळला जवळजवळ सगळ्यांना माफी. १८७२त पदं धरायची बंदीही बहुतेकांवरून उठली. त्याच वर्षी जिनिव्हाच्या लवादानं, इंग्लंडात बांधलेल्या 'अलाबामा'सारख्या जहाजांनी केलेल्या नुकसानीबद्दल ब्रिटनला दीड कोटींहून जास्त, नेमके १,५५,००,००० डॉलर द्यायला लावले, आणि ब्रिटननं दिले.

दक्षिणेतल्या उत्तरनिष्ठांना भरपाईसाठी १८७१त आयोग बसला: २२,२९८ दावे, मागणी सहा कोटी डॉलर, दिले सेहेचाळीस लाखांच्या आसपास. निष्ठा सिद्ध करायला ऐंशी प्रश्नांची यादी.

शंकासुर

हे सगळं दोन गोऱ्या बाजूंच्या समेटाबद्दल झालं ना? चाळीस लाख गुलाम सुटले, त्यांचं काय?

बखरकार

बरोबर नस पकडलीत. १९१३त गेटिसबर्गला ५३,००० हून जास्त म्हातारे सैनिक जमले, दगडी भिंतीवरून हात मिळवले. उत्तरेच्या बाजूनं सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले होते, पण त्या छावणीत ते जवळजवळ नव्हते. तेरावी, चौदावी, पंधरावी घटनादुरुस्ती (गुलामगिरीबंदी, नागरिकत्व आणि मतदानाचा हक्क) कागदावर होती. १८७७त केंद्र सरकारच्या शेवटच्या फौजा दक्षिणेच्या राजकारणातून बाजूला झाल्या आणि मतदानाचा हक्क पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत साक्षरता-परीक्षा आणि मतदान-करानं काढून घेतला गेला. समेटाची किंमत तिसऱ्यानं भरली.

टाकबोरू

माझ्या मूळ धाग्यात ही बाजू राहिली, कबूल. त्यात भर घालतो, कारण इथंही यादीच आहे, पण उलटी.

१८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांचं वेगळं पत्रक असे. मालकाचं नाव लिहायचं. खाली माणसांचं फक्त वय, लिंग, वर्ण. नावाचा रकानाच नाही. १८७०च्या जनगणनेत ते पहिल्यांदा नावानिशी आले.

त्याआधी, १८६५त, मुक्त झालेल्यांसाठी फ्रीडमन्स बँक निघाली. सही न येणाऱ्या खातेदाराची ओळख पटवायची कशी? म्हणून खातेवहीत रकाने छापले: जन्म कुठं, वाढ कुठं, जुना मालक, मळा, धंदा, पलटण, नवराबायको, मुलं, आई, बाप, भाऊ, बहिणी. भाऊबहिणींपुढं विकून कुठं नेलं तेही कारकून लिहीत. १८७४त बँक बुडाली; ६१,००० खातेदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले, पुष्कळांना निम्मेही मिळाले नाहीत. वह्या राहिल्या. १८७०च्या मागं जाऊन पणजोबांचं नाव शोधणारी माणसं आज त्याच वह्यांचे रकाने वाचतात.

नस्तर

हे माहीत नव्हतं. 'पलटण' हा रकाना तिथं असेल तर सैनिकांच्या वैद्यकीय नोंदींशी तो जोडता येतो. लेटरमनच्या नोंदकारकुनाच्या तक्त्यातही नाव, हुद्दा, पलटण असेच रकाने आहेत.

टाकबोरू

हो, आणि निवृत्तिवेतनाच्या फायलींशीही. विधवेनं अर्ज केला की लग्नाचा पुरावा लागे. गुलामगिरीत लागलेल्या लग्नाचा कागद कुठून येणार? मग शेजारच्या झोपडीतल्या दोघांच्या साक्षी लिहून घेत, शपथेवर, नावानिशी.